चूळ भरायची नोकरी

माझी नोकरी चूळ भरायची आहे. विनोद करत नाहीये. दर मंगळवारी सकाळी आमच्या दुकानात सेल्समन येतात, चाकाच्या बॅगेतून सात-आठ बाटल्या काढतात, पेल्यात बोटभर ओततात. मी ती वाईन तोंडात घेते, या गालातून त्या गालात फिरवते, ओठांतून थोडी हवा आत ओढते आणि थुंकून टाकते. मग वहीत दोन ओळी लिहिते. इंग्रजीत ह्याला टेस्टिंग म्हणतात आणि ऐकायला भारी वाटतं. मराठीत सांगायचं तर सकाळी दात घासल्यावर आपण बेसिनसमोर उभे राहून करतो तेच. बेसिनच्या जागी टेबलावर स्टीलची उंच बादली असते. मी तिला पहिल्या दिवशी पिकदाणी म्हटलं आणि तेच नाव पडलं. आता मालकीणबाईही 'पिक-डॅनी कुठाय' असं ओरडून विचारतात.

दुकान मिनेसोटातल्या एका उपनगरात आहे, एक ड्रायक्लीनर आणि एक छोटं कॅफे ह्यांच्या मध्ये. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, उंच, हिवाळ्यातही बाह्या वर करून खोकी उचलणाऱ्या. त्यांच्याकडे मी कशी लागले ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नागपूरहून वाईन शिकूनच आले. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, लग्न केलं, आणि नवऱ्याच्या कंपनीने त्याला मिनेसोटाला पाठवलं म्हणून इथे आले. माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. आधी परवानगी नाही म्हणून काम केलं नाही, मग मुलगी लहान म्हणून, मग 'आता आपल्याला कोण घेणार' म्हणून. सतरा वर्षं झाली. मुलगी कॉलेजसाठी जर्सी सिटीला गेली आणि मी दुपारी तीन वाजता घरात एकटी उभी राहून फ्रीजचा आवाज ऐकायला लागले. परवानगीचा कागद तर तोवर कधीच हातात आला होता. बँकेत अर्ज केला, लायब्ररीत केला, शाळेच्या ऑफिसात केला. कुणी उत्तरही देईना. ह्या दुकानाच्या काचेवर 'माणूस पाहिजे' असा कागद होता, तेव्हा सरळ आत गेले. मालकीणबाईंनी विचारलं, वाईनमधलं काय येतं? मी म्हटलं, काहीच येत नाही, पण आम्ल आणि साखर मला कुणी शिकवायची गरज नाही. त्या हसल्या आणि सोमवारी ये म्हणाल्या.

मला झालेला आनंद मी लपवणार नाही. गाडीत बसून रडले मी.

आता घरची गोष्ट. आमच्या घरात दारू हा शब्द उच्चारत नाहीत. सासरे आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी गेले, चोपन्नाव्या वर्षी. लग्न ठरताना मला सांगितलं होतं, पोटाचं दुखणं होतं. खरं काय ते मला लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं, तेही नवऱ्याच्या एका मित्राच्या तोंडून. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "हो, प्यायचे," आणि उठून गेला. त्याने स्वतः आजवर बिअरचा घोट घेतलेला नाही. पार्टीत हातात सोड्याचा ग्लास घेऊन उभा राहतो आणि कुणी आग्रह केला की घड्याळ बघतो.

अशा माणसाला मी सांगितलं की मला वाईनच्या दुकानात नोकरी लागली आहे. तो दोन दिवस बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाला, "कर. पण आईला कळता कामा नये. तिने आयुष्यभर सोसलंय. तिला कळलं तर त्या दिवशी तू नोकरी सोडायची. एवढंच माझं म्हणणं."

मी हो म्हटलं. तेव्हा मला नोकरी इतकी हवी होती की त्याने दुकानात उलटं चालत जा म्हटलं असतं तरी हो म्हटलं असतं. शिवाय सासूबाई रत्नागिरीजवळच्या आपल्या गावी होत्या, आठ हजार मैलांवर. त्यांना आम्ही फोनवर सांगितलं की सून एका किराणा दुकानात लागली आहे.

आणि दोन वर्षांनी मे महिन्यात त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आल्या.

सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. बारीक, ताठ, बोलणं मोजकं. स्वयंपाक करताना त्या कधी चव बघत नाहीत. नैवेद्य दाखवायच्या आधी उष्टं कसं करायचं, म्हणून लहानपणापासूनची सवय. पातेल्यावरचं झाकण काढतात, वाफ हाताने नाकाकडे ओढतात आणि म्हणतात, "मीठ घाल गं चिमूटभर." चिमूटभरच कमी असतं. मला हे माहीत होतं, वीस वर्षांपासून माहीत होतं, आणि तरी ह्या नाकाच्या बाईपासून मी वाईन लपवायला निघाले होते. डोकं म्हणून नाही मला. कामावरून आले की सरळ बाथरूममध्ये जायचे, कपडे बदलायचे, दात घासायचे, आणि खाली येऊन म्हणायचे, "आज दुकानात डाळींची फार गर्दी होती हो आई."

तरी दहा आठवडे सुरळीत गेले, आणि मग पिकपूल मध्ये आली.

पिकपूल ही दक्षिण फ्रान्सची पांढरी वाईन. उंच, निमुळती, हिरवी बाटली. भूमध्य समुद्राच्या काठाला खाऱ्या पाण्याचं एक मोठं खाजण आहे, तिथे लोक कालवं वाढवतात, आणि त्याच्या आसपासच्या मळ्यांत ही द्राक्षं होतात. नावाचा अर्थ लोक 'ओठाला डसणारी' असा सांगतात. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. मी पहिल्यांदा तोंडात घेतली आणि माझे दात आंबले. कच्ची कैरी मिठाला लावून चावली की कानामागे कळ येते ना, तशी कळ आली. मागून थोडं खारट. फुलाफळांचा फार तमाशा नाही. मला फार आवडली. मालकीणबाईंनाही आवडायची, पण गिऱ्हाईक तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं. नाव उच्चारता येत नाही ते मागायचं कसं, असा प्रश्न असावा. आठ खोकी मागच्या खोलीत पडून होती.

"तुला एवढी आवडते ना," मालकीणबाई म्हणाल्या, "तर शनिवारचं गिऱ्हाईकांसाठीचं टेस्टिंग तू कर. बरोबर खायला काय द्यायचं तेही तूच ठरव. कॅफेचं किचन सकाळी मोकळं असतं. विकून दाखवलीस तर दक्षिण फ्रान्सचा सगळा शेल्फ तुझा. मागवायचं काय, ठेवायचं काय, तू बघायचं."

बाप्पा! दोन वर्षं मी दुसऱ्यांनी मागवलेल्या बाटल्यांवरची धूळ पुसत होते.

रीतीप्रमाणे ह्या वाईनबरोबर कालवं देतात. पण मिनेसोटात समुद्र कुठला? कालवं विमानाने बर्फातून येतात आणि त्यांचा भाव विचारायची सोय नसते. मग मी आठवडाभर डब्यातून एकेक पदार्थ दुकानात नेला आणि मागच्या खोलीत बसून मालकीणबाईंबरोबर खाऊन बघितला. बटाटेवडा आणि लसणाची चटणी साफ नापास. तिखट आणि आंबट दोघं मिळून जिभेची सालटी काढतात. अळूवडीतली चिंच वाईनला बोलूच देत नाही. श्रीखंडाबरोबर तर ती चक्क व्हिनेगर लागली. लिंबू पिळलेला पोह्यांचा चिवडा बरा लागला. कोथिंबीरवडी फारच छान लागली, इतकी की मालकीणबाईंनी डबा पुसून खाल्ला. बकरीच्या दुधाचं चीज चांगलं जातं, पण ते तर सगळेच ठेवतात. माझ्या डोक्यात राहून राहून एकच यायचं, शिंपले. खाऱ्या पाण्याकाठच्या वाईनला खाऱ्या पाण्यातलंच काहीतरी हवं. सासूबाई तिसऱ्यांची एकशिपी करतात. शिंपल्याचं एक कवच काढून टाकायचं, दुसऱ्यात मांस तसंच ठेवायचं, वर कांदा-खोबऱ्याचं वाटण. मी नागपूरची, आमच्याकडे मासा म्हणजे तलावातला रोहू. एकशिपी मी करायला गेले तर रबर होतं.

म्हणून गुरुवारी एशियन मार्केटमधून जाळीच्या पिशवीतून जिवंत तिसऱ्या आणल्या. इथल्या जाड कवचाच्या असतात, पण तिसऱ्याच. सासूबाईंना म्हटलं, "आई, शनिवारी दुकानात खायचा कार्यक्रम आहे. मला एकशिपी शिकवा."

त्यांचा चेहरा उजळला. पदर खोचला, तिसऱ्या मिठाच्या पाण्यात टाकल्या, वाळू सुटेपर्यंत तीनदा पाणी बदललं. मला म्हणाल्या, "उकडल्यावर बंद राहील ती टाकून दे. मेलेली असते." खोबरं मी खवलं, कांदा मी चिरला. वाटणात त्या मिरची घालायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, आई, अगदी थोडी. बरं म्हणाल्या, इथल्या लोकांना सोसत नाही. मग त्यांनी आमसुलांची बरणी उघडली.

"आमसूल नको," मी म्हटलं.

त्या थांबल्या. "आमसूल नको? मग आंबट कुठनं येणार?"

"ते बरोबर असेल ना."

"बरोबर काय असेल?"

सगळ्या कोकणात एक बाई दाखवा जी तिसऱ्यांना आमसूल नको म्हणेल. ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मला कळलं की मी माती खाल्ली. तरी म्हटलं, "सरबत. लिंबाचं."

त्यांनी शेगडी बंद केली. बरणीचं झाकण लावलं. आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कधीपासून पितेस?"

मला आधी कळलंच नाही.

"आल्या दिवसापासून मला वास येतोय," त्या म्हणाल्या. "मंगळवारी जास्त. काही बोलले नाही मी. बोललं की वाढतं. तुझ्या पर्समध्ये वेलदोडे टाकत होते, ते तरी खात होतीस का?"

वेलदोडे. मे महिन्यापासून माझ्या पर्सच्या कप्प्यात रोज चार वेलदोडे सापडायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची माया. मी मालकीणबाईंनाही देत होते आणि सांगत होते, माझ्या सासूबाई फार लाड करतात माझे.

"ह्यांच्या खिशात घालायचे मी," त्या म्हणाल्या. "ऑफिसात चार लोकांत वास येऊ नये म्हणून. सकाळी डबा आणि वेलदोडे."

मी तिथेच ओट्याला टेकून सगळं सांगून टाकलं. की मी पीत नाही, मी तिथे काम करते. ते किराणा दुकान नाही, वाईनचं दुकान आहे. आम्ही तुमच्याशी दोन वर्षं खोटं बोललो. आणि मग मी जगातलं सगळ्यात वाईट वाक्य बोलले. म्हटलं, "मी नुसती चव बघते, आई."

"हेही तेच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं नुसती चव बघत होते."

"नाही हो आई! तोंडात घेऊन थुंकते. चूळ भरतात तशी."

त्यांनी आता माझ्याकडे नीट बघितलं. "दारूची चूळ?"

"हो."

"विकतची दारू तोंडात घेतात आणि थुंकून टाकतात?"

"हो."

"खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोल गं."

मला हसूही येईना आणि रडूही. मग राग आला. राग आला की मला नागपूर आठवतं आणि आवाज चढतो. मी म्हटलं, सतरा वर्षं मी ह्या घरात पोळ्या लाटल्या, एम.एस्सी.चं सर्टिफिकेट फायलीत ठेवलं, आणि आता कुठे कुणीतरी मला विचारतं की ह्या बाटलीत काय आहे ते सांग. मी सांगते आणि ते बरोबर असतं. मला ते काम येतं. तुमच्या मुलाने अट घातली आहे, तुम्हाला कळलं की मी नोकरी सोडायची. मग सोडायला लावा, पण मी पिते म्हणून नका लावू.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पदराने हात पुसले. "शनिवारी किती वाजता आहे?"

"एक वाजता."

"मी येते. बघते. त्याला आत्ता काही सांगू नकोस. मग काय ते मी ठरवीन." आणि शेगडी परत लावली. "आमसूल नको म्हणतेस. बघू कसं लागतं."

शनिवारी नवरा नेहमीप्रमाणे बॅडमिंटनला गेला. आम्ही दोघी सकाळी कॅफेच्या किचनमध्ये दीडशे तिसऱ्या उकडून, एकेक कवच काढून, वाटण भरून बसलो. सासूबाई सुती साडी, वर माझं जॅकेट, पायात स्नीकर्स अशा वेषात होत्या. पावणेएकला त्यांना दुकानात नेलं. दारातच त्या थांबल्या. छतापर्यंत बाटल्या.

"हे सगळं तेच?"

"हो, आई."

पदर नाकाला लावून त्या आत आल्या. मालकीणबाईंनी टेबलाशेजारी खुर्ची आणून ठेवली आणि वाकून नमस्ते केलं. सासूबाईंनी नमस्ते केलं आणि मला म्हणाल्या, "बाई चांगल्या घरची दिसते." खुर्ची त्यांनी स्वतः उचलून पिकदाणीच्या बाजूला सरकवली, बरोबर तिथे, जिथून माझं तोंड दिसेल.

लोक यायला लागले. मी कार्डावर इंग्रजीत पाठ केलेली वाक्यं लिहून आणली होती, हिरवं सफरचंद, लिंबाची साल वगैरे, आणि आयत्या वेळी ती दिसेनाशी झाली. मग जे मनात होतं तेच बोलले. म्हटलं, ही वाईन तुमचे दात आंबवेल. इंग्रजीत ते भलतंच वाटलं असणार, कारण दोन-तीन जण हसले. पण एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घोट घेतला, गाल आत ओढले आणि म्हणाले, अगदी बरोबर, असंच होतंय. मग मी म्हटलं, आता हा शिंपला खा आणि परत घोट घ्या. त्यांनी खाल्ला, घोट घेतला आणि दुसऱ्या शिंपल्याला हात घातला. खोबऱ्याच्या गोडव्यावर ती वाईन फार सुरेख जाते. तोंड धुऊन निघतं आणि पुढचा घास नव्याने लागतो. मग मात्र मी सुटले. खाजण काय, कालवं काय, सगळं सांगितलं.

दर नव्या घोळक्याबरोबर मी माझ्या पेल्यात थोडी घ्यायचे, फिरवायचे आणि थुंकायचे. सासूबाई टक लावून बघत होत्या. बशीत दोन-दोन शिंपले मांडायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं, पण नजर माझ्या गळ्यावर.

"हे लोक तर गिळतायत," त्या मध्येच म्हणाल्या.

"गिऱ्हाईकं गिळतात, आई. एवढीशी तर असते. काम करणारे थुंकतात."

"हं."

एक टोपीवाला माणूस तीनदा येऊन पेला पुढे करून गेला. शिंपल्याला त्याने हात लावला नाही. चौथ्यांदा आला तेव्हा मालकीणबाईंनी त्याला गोड बोलून पाण्याची बाटली दिली आणि दाराकडे वळवलं. तो बाहेर जाऊन दिसेनासा होईपर्यंत सासूबाई काचेतून बघत राहिल्या. मग मला विचारलं, "त्याची बायको कुठाय?"

मला काय माहीत त्याची बायको कुठे होती?

तीनच्या सुमाराला गर्दी ओसरली तेव्हा त्यांनी माझा पेला मागितला. मी दिला. त्यांनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले, परत दिला. "आंबट आहे," त्या म्हणाल्या. "आमसूल नको ते बरोबर केलंस."

चार वाजता टेबल आवरलं. पिकपूलची पाच खोकी गेली होती. मालकीणबाईंनी दक्षिण फ्रान्सच्या शेल्फवरची जुनी यादी काढून माझ्या हातात कोरा कागद दिला. मी घडी करून पर्समध्ये टाकला. आनंद करायची हिंमत होत नव्हती. माझा निकाल जॅकेट घालून गाडीशी उभा होता.

गाडीत बसल्यावर त्यांनी जॅकेटची चेन खाली ओढली. मग म्हणाल्या, "बत्तीस वेळा थुंकलीस."

"मोजलंत तुम्ही?"

"मोजायलाच आले होते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "गिळावंसं वाटत नाही तुला?"

"वाटतं कधीकधी. चांगली असली की."

"मग?"

"मग थुंकते."

सिग्नल लागला, सुटला. त्या खिडकीतून तळ्याकडे बघत होत्या. "मग ह्यांना का नाही गं जमलं?"

मी म्हटलं, "तो आजार होता, आई. तुमचा काही दोष नव्हता."

"माझा दोष होता असं मी कुठे म्हटलं?" त्या एकदम माझ्यावर तडकल्या. मग आवाज खाली आला. "सगळे म्हणायचे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, बायकोने घर नीट ठेवलं असतं तर बाहेर गेला नसता. हाही म्हणाला होता. बारावीत होता. 'तू सारखी बोलत असतेस म्हणून बाबा पितात.'"

माझा एक्झिट चुकला. पुढच्या एक्झिटला उतरून वळून यावं लागलं. वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने मला हे कधी सांगितलं नव्हतं. तो विसरला असेल असंही मला वाटेना.

संध्याकाळी साडेसहाला जेवायला बसलो. भात आणि उरलेली एकशिपी. नवरा म्हणाला, "वा, कुणी केली?" सासूबाईंनी त्याच्या ताटात भात वाढला आणि सरळ सांगितलं, "आज मी हिच्या दुकानात जाऊन आले. वाईनच्या."

त्याचा हात ताटातच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण सासूबाईंनी हाताने थांबवलं.

"तिने नाही सांगितलं. मला वास आला," त्या म्हणाल्या. "तीन तास बसले मी तिथे. बत्तीस वेळा तोंडात घेतली हिने, एकदाही घशाखाली गेली नाही. नोकरी सोडायची नाही तिने. ती अट तू माझ्या नावाने घातली होतीस, ती मी काढली."

"ठीक आहे, आई," तो म्हणाला. "मला फक्त तुला त्रास नको होता."

"त्रास." त्यांनी स्वतःच्या ताटात भात घेतला, तो कालवला नाही. "बारावीत असताना तू मला एक बोलला होतास."

त्याने 'काय' असं विचारलं नाही. मान खाली घातली. कान लाल झाले. मी त्याला इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं.

"आई, मी अठरा वर्षांचा होतो गं."

"हो रे. पोर होतास. मी तुला बोल नाही लावत," सासूबाई म्हणाल्या. "पण मी ते खरं धरलं. त्या दिवसापासून मी ह्यांना पिऊ नका म्हणून एकदाही म्हटलं नाही."